नखबत्ती

मी दुष्ट बाई आहे. म्हणजे पोटापाण्यासाठी दुष्ट. वडशाच्या 'वनराई नाट्य रंगभूमी'त गेली पंचवीसेक वर्षं मी खलनायिका करते. सुनेला जाळायला निघालेली सासू, नवऱ्याच्या दुधात विष कालवणारी सवत, भावाभावांत भांडण लावणारी नणंद, जे जे म्हणून वाईट असेल ते लेखक माझ्या नावावर लिहून मोकळा होतो. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. मांडवात चार-चार हजार माणूस बसतं. पोस्टरवर हीरोचं नाव बारीक आणि 'खलनायिका क्वीन कांता उसेंडी' हे हातभर. बढाई मारते म्हणाल तर म्हणा, माझी कमाई आहे ती.

पण कुणी विचारलं की कांताबाई, तुमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं, तर मी एकाही नाटकाचं नाव घेणार नाही. मी निकिताचं नाव घेईन. नखबत्ती बनवणाऱ्या लोकांत जी निकिता उसेंडी आहे ना, ती माझ्या पोटची. आता ऐका.

निकिताचा बाप आमच्याच कंपनीत ढोलकी वाजवायचा. एका हिवाळ्यात दौऱ्यावर असताना त्याला थंडी वाजून ताप आला. तेव्हा मलेरियाचं कार्ड असायचं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब कार्डावर टाकायचा, पाव तासात रेघा उमटायच्या. एक रेघ म्हणजे बरं, दोन म्हणजे मलेरिया. त्याची एकच रेघ आली. दोन दिवसांनी परत केलं, परत एकच. आशाताईनं, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेनं, सगळं बरोबर केलं होतं, कार्डही चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी तो मला ओळखेना. ताप मेंदूत गेला होता. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत माझ्या मांडीवरच गेला. निकिता तेव्हा अकरावीत होती. ती रडली नाही. ते एका रेघेचं कार्ड हातात धरून एवढंच म्हणाली, "आई, हे खोटं काऊन बोललं?"

हाच प्रश्न घेऊन पोरगी नागपूरला गेली, मग पुण्याला गेली. शिष्यवृत्तीवर शिकली, प्रयोगशाळेत लागली. सुट्टीत आली की चुलीपाशी बसून मला समजावून सांगायची. मी सातवी पास. पण तिनं सांगितलं आणि मला कळलं नाही, असं कधी झालं नाही.

"आई, मलेरियाचा जंतू अंगात एक पदार्थ सोडतो. कार्ड तेवढाच पदार्थ ओळखतं. समज, चोराला त्याच्या सदऱ्यावरून ओळखायचं. पण काही जंतूंनी तो सदरा घालणंच सोडून दिलं. मग कार्ड म्हणतं, इथं चोर नाही. बाबांचं तसं झालं."

"मंग आता चोर धरायचा कसा?"

"त्याच्या जेवणावरून. तो जंतू आपल्या रक्तातलं लाल खातो. त्या लालात लोखंड असतं, ते त्याला पचत नाही. त्याचे तो बारीक बारीक खडे करून ठेवतो. सदरा सोडता येतो, आई. जेवण नाही सोडता येत. आणि ते खडे चुंबकाजवळ वळतात."

एवढ्यावर तिनं आणि तिच्या सोबतच्या लोकांनी यंत्र उभं केलं. दिसायला कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं. बोटाला लावायचं. वरून नखातून उजेड आत जातो, खालून तो मोजला जातो, मध्ये एक चुंबक फिरतं. रक्तात ते खडे असतील तर चुंबकासोबत वळतात आणि उजेड थरथरतो. आपल्या डोळ्यांना नाही दिसत ते, चिमट्याला दिसतं. मग चिमट्याच्या टोकावरचा दिवा लाल होतो. खडे नसतील तर हिरवा. टोचणं नाही, रक्त नाही, दहा आकडे मोजेपर्यंत निकाल. लोकांनी त्याचं नाव नखबत्ती ठेवलं.

कार्डाला जे कधी जमलं नाही ते नखबत्तीला जमलं. ज्यांना ताप नाही, काही नाही, धडधाकट शेतात राबतात, पण ज्यांच्या रक्तात जंतू दबा धरून आहे, अशी माणसं सापडू लागली. डास त्यांना चावून दुसऱ्याला चावायचा आणि मलेरिया चालू राहायचा. आता त्यांना गोळ्या मिळू लागल्या. तीन पावसाळे गेले, आमच्या भागात मलेरियानं एक माणूस दगावला नाही. माझ्या पोरीचा फोटो पेपरात आला. तो मी मेकअपच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, हीरोच्या फोटोवर.

या सिझनला तर कहरच झाला. पहिल्या प्रयोगाचा नारळ फुटला की खलनायिकेनं नखं रंगवायची आणि होळीपर्यंत तो रंग काढायचा नाही, वर थर देत राहायचे, अशी आमच्या कंपनीची रीत आहे. रंग उतरला तर सिझन उतरला, असं आमचे मालक लांजेवारभाऊ मानतात. तर नारळ फुटल्यावर निकितानं सगळ्या कंपनीची बोटं तपासली. सगळ्यात आधी माझं. हिरवं! लांजेवारभाऊंना लगेच कल्पना सुचली. माझा फोटो, डोळे वटारलेले, चिमटा लावलेलं बोट पुढे, खाली अक्षरं: 'मी दुष्ट असेन, पण माझं बोट हिरवं!' दवाखान्यांवर, एसटी स्टँडवर, आश्रमशाळेच्या भिंतीवर, जिथं जावं तिथं मी. लेकीच्या मशीनच्या पोस्टरवर आईचा फोटो! मी तर हवेतच होते.

पण माणसं चांगल्या वस्तूचं काय करतील याचा नेम नाही. आमच्याकडे नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. ज्या गावात नाटक त्या गावात घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांत सोयरिकी ठरतात. पोरगी चहा घेऊन येते, पोराकडचे बघतात, उजाडेपर्यंत बोलणी पक्की. आता चहाच्या ताटात नखबत्ती येऊ लागली. 'पोरीचं बोट दाखवा.' लाल निघालं तर पाहुणे उठून जायचे. अहो, तीन दिवसांच्या गोळ्यांचं काम! पण डाग लागला तो लागला.

कोसमटोल्याच्या अरुणा पोटावीचं तसंच झालं. लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटल्या होत्या. शेजारच्या गावचा दसरू कोवाची आपल्या पोरासाठी तिला मागणी घालून गेला होता. हळदीच्या आधी त्यानं तिच्या बोटाला चिमटा लावायला लावला, भर मांडवात. दिवा लाल झाला. सगळ्यांनी पाहिला. कोवाची तिथूनच माणसं घेऊन परत गेला. त्यानंतर कोसमटोल्यानं ग्रामसभा घेतली आणि ठराव केला, नखबत्ती गावात येणार नाही. तपासायला आलेल्या नर्सबाईला वेशीवरून परत पाठवलं. गोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत. गोळ्या घेणं म्हणजे लाल असल्याचं कबूल करणं, असा त्यांचा हिशेब.

आणि मग पलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, लेकरं तापू लागली. एक लेकरू जिल्ह्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होतं. निकिता नकाशे मांडून बसली होती. म्हणाली, "आई, हे कोसमटोल्यातून येतं आहे. पावसाळ्याच्या आत तिथं सगळ्यांना गोळ्या गेल्या नाहीत तर तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल. पोरं मरतील. पण ते मला गावात घेत नाहीत."

"मले घेतात," मी म्हटलं. "मंडईच्या जत्रेला तिथं आपलं नाटक आहे."

सरपंच मडावीबाईंशी मी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरीचं कोणी ऐकणार नाही, कांताबाई. तुमचं ऐकतील. उद्घाटनाच्या वेळी पाच मिनिटं देते. लोकांसमोर तुमी आपलं बोट दाखवा, हिरवं. समजावून सांगा. त्यातनं लोक वळले तर वळले, नाही तर ठराव कायम. मंग मले पुन्हा फोन करू नका."

पाच मिनिटं! मला डोळे वटारायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आम्ही दुपारीच कोसमटोल्यात पोचलो. शाळेची एक खोली कंपनीला दिली होती. बाहेर मांडव बांधणं चालू होतं, स्पीकरवाला "हॅलो, चेक" करत होता. फळ्यावर बाराखडी तशीच होती आणि तिच्याखाली आमच्या पेट्या. मी आरशासमोर बसून भुवया काढत होते. निकिता चिमटा घेऊन आली.

"आई, आतला प्रोग्रॅम नवा टाकला आहे. एकदा बघून घेते. संध्याकाळी घोळ नको."

मी ऐटीत बोट पुढे केलं. चिमटा लावला. हिरवा नाही, लाल नाही. पिवळा दिवा लुकलुकला आणि चिमटा टूं टूं करू लागला.

"हे काय नवीन?"

निकिताच्या कपाळाला आठी पडली. "उजेड पोचत नाही म्हणतंय. हे आता नवीन टाकलं आहे, आधी ही सूचना नव्हती." तिनं चिमटा काढला, माझं बोट धरलं आणि नखाकडे बघत राहिली. थरावर थर दिलेला गडद लाल रंग आणि वर चमकी. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, नारळ फुटल्यावर तपासलं तेव्हाही रंग होता?"

"होता म्हणजे? नारळ फुटला की आधी रंगच लागतो."

ती पेटीतून कापूस आणि रंग काढायची बाटली घेऊन बसली. मी हात मागे ओढला. होळीपर्यंत रंग काढायचा नसतो. "आई, हात दे," ती म्हणाली, असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. हात दिला. तर्जनीचा रंग निघाला. चिमटा लागला. मी मनात आकडे मोजले.

लाल.

दुसरं बोट पुसलं. लाल. निकिता खाली फरशीवर बसली.

"उजेड आत गेलाच नव्हता," ती म्हणाली. "रंगानंच अडवला. आत गेला नाही म्हणून हलला नाही. हलला नाही म्हणून मशीन म्हणालं, सगळं शांत आहे, हिरवं. आई, मी तुझं बोट रंगासकट तपासलं. कंपनीतली बाकी बोटं कोरी होती. एकटं तुझंच..."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी वाटलं, मशीन बिघडलं. मग वाटलं, मला तर साधी शिंकसुद्धा आली नाही. आणि मग हिशेब लागला. दिवाळीपासून मी किती गावं हिंडले होते! किती घरी जेवले, किती अंगणांत झोपले. आणि भिंतीभिंतीवर माझा फोटो, 'माझं बोट हिरवं'.

लांजेवारभाऊ दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माणूस वाईट नाही, पण धंदेवाला. दार लावून घेत म्हणाले, "झालं ते झालं. कांताबाई, तुमी गोळ्या घ्या चुपचाप. संध्याकाळी हिरॉईनला उभी करू. तिचं बोट खरंच हिरवं आहे. लोकांना काय, कोनाचं बोट याच्याशी मतलब नाही."

मला वाटलं, आता निकिता त्यांच्यावर उसळेल. माझी पोरगी लहानपणी खोटं बोलणाऱ्या मास्तराशी भांडून घरी आलेली. पण ती म्हणाली, "हो. भाऊ बरोबर बोलतात."

"निकिता!"

"आई, तुला समजत नाही. आपण गावोगाव गेलो. हे कळलं तर लोक म्हणतील, हिनंच मलेरिया पसरवला. तुला मारतील. पुन्हा कुठल्याच गावात उभं करणार नाहीत. तू गोळ्या घे. दोन आठवड्यांनी तुझं रक्त नीट तपासू. कुणाला कळायची गरज नाही. बाबांनंतर मला तूच आहेस."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"तू इथं कशाला आलीस?" मी विचारलं. "पोटावीच्या पोरीला सांगायला ना, की लाल बोट म्हणजे लाज नाही, गोळ्या घे म्हणून? मंग माझ्या बोटाची एवढी लाज काऊन वाटते तुले?"

"मला तुझी लाज नाही वाटत. भीती वाटते."

"अरुणाच्या मायलाही भीतीच वाटते. ती काय पोरीचा द्वेष करते म्हणून लपवते?"

 लांजेवारभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, आमची कंपनी बुडेल." मी म्हटलं, "भाऊ, पंचवीस वर्षं तुमच्यासाठी दुष्ट झाले. आज एक दिवस राहू द्या."

मी मनात ठरवलं होतं, सगळं माझ्या अंगावर घ्यायचं. म्हणायचं, मशीन चांगलं आहे, पोरगी हुशार आहे, मीच बाई अडाणी, नटवी, रंग लावून बसले. मला शिव्या खायची सवय आहे. निकिताच्या नावाला धक्का लागू द्यायचा नव्हता. म्हणून, रंग सगळ्यांना दिसावा यासाठी, मी दुसऱ्या पुसलेल्या नखाला परत रंग दिला आणि फक्त उजव्या तर्जनीचं नख कोरं ठेवलं.

जेवणं आटोपून लोक मांडवात जमले. एका अंगाला बाया, एका अंगाला बापे, पुढे सतरंजीवर पोरं, आणि खुर्च्यांवर पाहुणे. पाहुण्यांत दसरू कोवाची होता. कोसमटोल्यात त्याच्या नात्यातलं आणखी एक घर होतं, तिथं मुक्कामाला आला होता. सरपंचबाईंनी मला विंगेतून दाखवला. पांढरा सदरा, खांद्यावर शाल. पोटावीचं घर मांडवापासून दोन घरं सोडून, पण तो तिकडं फिरकला नव्हता. अरुणा बायांच्या गर्दीत अगदी मागे बसली होती, माय तिचा पदर धरून.

नारळ झाला, हार झाले. सरपंचबाईंनी माझं नाव घेतलं तशी मांडवात आरोळी उठली. मी पूर्ण सोंगात गेले. काळं लुगडं, कपाळावर कोयरी. माईक हातात घेतला.

"का रे कोसमटोल्यानो! माझा फोटो पाहिला का शाळेच्या भिंतीवर?"

"पाहिलाऽऽ!"

"का लिहिलं आहे त्याच्यावर?"

"माझं बोट हिरवंऽऽ!" सगळी पोरं एका सुरात.

मी चिमटा वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि बोटाला लावला.  हे लोक नखबत्तीला वेशीवर अडवणारे, पण आता मान उंच करून बघत होते. दिवा लाल झाला.

पहिल्यांदा लोक हसले. त्यांना वाटलं, नाटकातलाच काही डाव आहे. मी काही बोलले नाही तेव्हा हसू थांबलं. मी म्हटलं, "हे सोंग नाही. माझं बोट लाल आहे. आज दुपारी कळलं. मले ताप नाही, डोकं दुखत नाही, तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे. आणि रक्तात मलेरिया आहे."

मग एकच गलका झाला. एक बाई पोराला ओढून पुढून मागे घेऊन गेली. बाप्यांतून कुणी ओरडलं, "मशीन खोटी आहे! फोटोत हिरवी, इथं लाल!" दुसरा म्हणाला, "आमच्या पोरीचं लग्न मोडलं या खोट्या मशीननं!" हे ऐकून मी हबकलेच. मला वाटलं होतं मला शिव्या देतील, मशीनवर जातील हे डोक्यातच नव्हतं. मशीन खोटं ठरलं तर अरुणाही गोळ्या घेणार नाही आणि ती पलीकडची लेकरंही वाचणार नाहीत. मी घाईघाईनं म्हटलं, "मशीन खरी आहे! चूक माझी. मी नखं रंगवली होती, म्हणून..."

"चूक हिची नाही."

मी वळून पाहिलं. निकिता. विंगेतून निघून उजेडात आली होती. माझी ही पोरगी नाटकवाल्यांच्या घरात जन्मून कधी स्टेजवर चढली नाही. शाळेच्या गॅदरिंगला नाव पुकारलं तर ताप यायचा तिला. आज चार हजार माणसांसमोर साध्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी राहून तिनं माझ्या हातातला माईक घेतला.

"मी निकिता उसेंडी. हे यंत्र बनवणाऱ्यांत मी आहे. आईचं नख रंगलेलं होतं. त्या रंगातून उजेड जात नाही हे मला कळायला पाहिजे होतं. मी शिकलेली, मी बनवणारी. मी न बघता तपासलं आणि मशीननं चुकीचं सांगितलं. चूक माझी. अरुणाताईचं नख कोरं होतं. तिचं बरोबर सांगितलं होतं."

मागची माणसं उठून पुढे सरकली.

"आणखी एक चूक झाली. दिवा आम्ही बाहेरच्या बाजूला लावला. वाचता न येणाऱ्यालाही स्वतःचं स्वतः कळावं म्हणून. तो सगळ्या मांडवाला दिसेल, त्यावरून कुणाचं लग्न मोडेल, हे माझ्या मनात आलं नाही. यायला पाहिजे होतं. आज दुपारी आईचं बोट लाल झालं तेव्हा मी स्वतः तिला म्हटलं, लपव. हे यंत्र बनवणारी मी, आणि मीच म्हटलं लपव. तुम्ही लपवलं त्यात तुमचं काय चुकलं? पण आईनं लपवू दिलं नाही." तिनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "माझे बाबा मलेरियानं गेले. तेव्हा त्यांना काय झालं हे सांगणारं काही नव्हतं. आज आहे. आई, घे."

मी सगळ्यांसमोर पहिल्या गोळ्या घेतल्या. सरपंचबाईंनी स्वतः पाणी आणून दिलं.

अहो, मला टाळ्या किती मिळाल्या आहेत, मोजदाद नाही. पण माझ्या पोरीनं चार हजार लोकांत 'चूक माझी' म्हटलं, तेव्हा माझी छाती जी फुगली, ती ब्लाऊजात मावेना. मोठी मोठी माणसं मी या स्टेजवर पाहिली, आमदार पाहिले, सभापती पाहिले. एकाच्याही तोंडून हे दोन शब्द निघालेले ऐकले नाहीत. माझ्या निकिताच्या तोंडून निघाले.

बायांत मागे गडबड झाली. अरुणा उठली होती. तिची माय गोंडीत काहीतरी बोलत होती, पदर ओढत होती. अरुणानं हलक्या हातानं पदर सोडवून घेतला आणि माणसांमधून वाट काढत स्टेजपाशी आली. उंच, सावळी पोरगी. मान खाली नव्हती.

"माझं लाल आहे, मले माहीत आहे," ती म्हणाली. "तरी लावा."

लाल झालं. तिनं गोळ्या घेतल्या, तिथंच, सगळ्यांसमोर. मग तिचा बाप आला. मग सरपंचबाई. मग एक म्हातारी, दोन पोरांना काखेत घेऊन. कुणी पुढे या म्हटलं नाही, पण रांग लागली. सरपंचबाईंनी माईकवर विचारलं, "ठरावाचं काय करायचं?" कुणीतरी म्हणालं, "उद्या फाडू, आधी बोट दाखवू द्या."

निकिताला वजनाप्रमाणे गोळ्या द्यायच्या होत्या, गरोदर बाया वेगळ्या काढायच्या होत्या. एकटीचं काम नव्हतं. तिनं चिमटा अरुणाच्या हातात दिला. "ताई, तुम्ही लावाल का? नख कोरं आहे का ते आधी बघायचं. आणि तळहात असा आडवा धरायचा, दिवा फक्त त्या माणसालाच दिसेल."

मग त्या पोरीनं, जिच्या बोटावरून सगळ्या गावानं तोंड फिरवलं होतं, सगळ्या गावाची बोटं आपल्या हातात घेतली. लांजेवारभाऊ विंगेतून घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

खुर्च्यांवरचे पाहुणे बराच वेळ बसून होते. मग एकेक उठले. दसरू कोवाची सगळ्यात शेवटी उठला. बाकीच्यांनी बोटं दिल्यावर एकट्यानं बसून राहणं त्यालाही जड गेलं असावं.  तो अरुणासमोर आला, तिच्याकडे न बघता हात पुढे केला. अरुणानं त्याचं बोट धरलं, नख पाहिलं, त्याच्याच सदऱ्याच्या बाहीला पुसून घेतलं, चिमटा लावला आणि तळहात आडवा धरला.

मी दोन हात अंतरावर उभी होते. मला दिवा दिसला नाही, पण कोवाचीचा चेहरा दिसला. तो एकदम म्हातारा झाल्यासारखा वाटला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. लोकांना दिवा दिसला नव्हता, पण त्याला वाटलं की सगळ्यांना दिसला. तो आता उठून जाईल असं मला वाटलं. अरुणानं त्याचं बोट सोडलं नाही.

"घाबरू नका, मामाजी," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन दिवसांच्या गोळ्या आहेत, मीही घेतल्या. जेवून आले का?"

कोवाचीनं मान हलवली, नाही. गावात उशिरा पोचला आणि न जेवता तसाच मांडवात आला होता.

"उपाशीपोटी नाही घ्याच्या," अरुणा म्हणाली. "आमच्या घरी चला. भात झाला आहे, माय वाढते."